बी.कॉम. करून काय होतं? नावे-जमेपासून नोकरीपर्यंतचा हिशेब

जळगावच्या दाणाबाजारात सुटी तूरडाळ घेतली तर तिच्यावर जीएसटी नाही. तीच डाळ गिरणीने 25 किलोच्या, लेबल लावलेल्या पिशवीत भरली की 5 टक्के कर लागतो. 30 किलोच्या गोणीत भरली की पुन्हा लागत नाही. बागेतली केळी करमुक्त, त्याच केळीच्या पाकीटबंद वेफर्सला मात्र कर. बिल फाडताना हे कुणीतरी ठरवायचं असतं, आणि चुकलं की वर्षाला 18 टक्के दराने व्याजासकट भरायचं असतं.

त्यात नियम सारखे हलतात. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंवरून उठले. आयकराचा 1961 चा कायदा जाऊन 1 एप्रिल 2026 ही 2025 च्या नव्या कायद्याची सुरुवात ठरली. पदवी तीन वर्षांची घ्यायची की चार, हा नवा प्रश्न आला. शिवाय ‘आता सगळं एआय करणार’ हे रोज कानावर येतंच. त्यामुळे बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या घराघरांत जुनाच प्रश्न जास्त काळजीने विचारला जातो: ‘बी.कॉम. करीसन काय व्हई?’

उत्तर पदवीच्या नावात नाही, कामात आहे. हिशेबाच्या धंद्यात दोन वेगळी कामं असतात. एक, व्यवहाराची नोंद करणं. दुसरं, ती नोंद खरी आहे का हे तपासणं आणि तिचा अर्थ लावणं. पहिल्या कामाची किंमत कमी होत चालली आहे, दुसऱ्याची वाढते आहे. बी.कॉम.ची तीन वर्षं कुठल्या कामाच्या तयारीत गेली, यावर पुढचं बरंचसं ठरतं.

एक व्यवहार, दोन खाती

सगळ्या लेखाशास्त्राचा पाया एवढाच: प्रत्येक व्यवहार दोन जागी लिहायचा. एका खात्याला नावे, दुसऱ्याला जमा. इंग्रजी पुस्तकात यालाच डेबिट आणि क्रेडिट म्हणतात. दुकानदाराने 5,000 रुपये रोख देऊन माल घेतला, तर खरेदी खातं 5,000 ने नावे आणि रोख खातं 5,000 ने जमा. काहीतरी आलं म्हणजे कुठून तरी गेलं, हे वहीत दिसलंच पाहिजे.

पहिल्या वर्षाच्या मुलांची गाडी अडते ती बँकेच्या पासबुकाशी. ‘पैसे आले की रोख खातं नावे, मग बँकेत पैसे भरल्यावर पासबुकात जमा कसे?’ कारण पासबुक ही आपली वही नव्हे, बँकेच्या वहीतलं आपलं पान आहे. बँक आपलं देणं लागते, म्हणून तिच्या वहीत आपण जमेच्या बाजूला. आपल्या वहीत तीच रक्कम बँकेच्या नावे. वही कुणाची आहे हे आधी विचारायची सवय लागली की अर्धा गोंधळ मिटतो.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ज्या लाल चोपड्या पुजतात, त्यांत हीच रीत होती. आधी रोजकीर्द, म्हणजे तारखेवार नोंद. मग खतावणी, म्हणजे खात्यावार मांडणी. मग तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, जिच्या दोन्ही बाजू जुळाव्या लागतात. शेवटी नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद. संगणकात आता रोजकीर्दीत एक नोंद टाकली की पुढचं सगळं आपोआप होतं. सोय झाली, पण आत काय घडतं ते दिसेनासं झालं.

नफा झाला, मग गल्ला रिकामा का?

रावेर भागातल्या एका केळी व्यापाऱ्याचा हिशेब कल्पून पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत. त्याने 2,00,000 रुपये भांडवल घातलं. 1,500 रुपये भावाने 200 क्विंटल केळी घेतली, म्हणजे 3,00,000 चा माल. शेतकऱ्यांना 1,00,000 लगेच दिले, 2,00,000 बाकी ठेवले. कापणी, भराई, ट्रकभाडं मिळून 40,000 रोख गेले. माल उत्तरेतल्या व्यापाऱ्याला 1,850 भावाने, 3,70,000 ला विकला. त्याने 50,000 पाठवले, उरलेल्या 3,20,000 ची उधारी.

नफा किती? 3,70,000 वजा 3,40,000, म्हणजे 30,000. गल्ल्यात किती? 2,00,000 मधून 1,40,000 गेले, 50,000 आले, उरले 1,10,000. धंद्यात 30,000 नफा आहे आणि रोकड 90,000 ने कमी झाली आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. विक्री झाली त्या दिवशी उत्पन्न धरायचं, पैसे येतील त्या दिवशी नव्हे, या रीतीला उपार्जित पद्धत म्हणतात.

आता ताळेबंद मांडा. येणं आणि रोकड मिळून 3,20,000 अधिक 1,10,000, म्हणजे 4,30,000. देणं 2,00,000, मूळ भांडवल 2,00,000, नफा 30,000. तेही 4,30,000. जुळलं.

पण मे महिन्याच्या उन्हात ट्रक दोन दिवस अडकला, केळी काळी पडली, आणि समोरचा म्हणाला ‘मी एवढे देणार नाही’, तर? वहीतला 3,20,000 चा आकडा तसाच राहतो. बेरजा जुळलेल्याच राहतात. फक्त नफा खोटा होतो. अकाउंटंट आणि नोंद करणारा यांच्यातला फरक इथे दिसतो: समोरच्याने मागच्या खेपेला किती दिवसांत आणि किती कापून पैसे दिले होते, हे जो काढून बघतो, तो अकाउंटंट.

तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर?

नाही, आणि हा बी.कॉम.च्या अभ्यासातला सर्वांत दुर्लक्षित धडा आहे. व्यवहार लिहायचाच राहून गेला, तरी तेरीज जुळते. पाटील ट्रेडर्सऐवजी दुसऱ्याच पाटलांच्या खात्यात रक्कम टाकली, तरी जुळते. नवा वजनकाटा घेतला आणि तो मालमत्तेऐवजी दुरुस्ती खर्चात लिहिला, तरी जुळते, फक्त त्या वर्षीचा नफा कमी दिसतो आणि कर चुकतो.

जुळलीच नाही, तर शोधायच्या खुणा आहेत. फरकाला 9 ने पूर्ण भाग जातो का ते पाहा. जात असेल तर बहुधा अंक उलटे पडलेत: 5,460 च्या जागी 4,560 लिहिलं की फरक 900 येतो. भाग जात नसेल तर फरकाच्या निम्मी रक्कम कुठे दिसते का ते शोधा, कारण नोंद चुकीच्या बाजूला गेली की फरक दुप्पट येतो. हे हाताने दहा-वीस वेळा केलेल्या मुलाला पुढे संगणकातला चुकीचा अहवालही नुसत्या नजरेने खटकतो.

तीन वर्षं की चार?

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असो की दुसरं कुठलं, बी.कॉम.चा गाभा सारखाच: वित्तीय लेखांकन, अर्थशास्त्र, कंपनी लेखे, परिव्यय लेखांकन म्हणजे वस्तू बनवायला किती खर्च येतो त्याचा हिशेब, व्यापारी कायदा, लेखापरीक्षण आणि कर.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवी क्रेडिटवर चालते. वर्गातले साधारण 15 तास म्हणजे एक क्रेडिट. तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. पण अडचण नसेल तर त्या दारांकडे बघू नये. बँकेच्या परीक्षा, एमपीएससी, सीएचा थेट प्रवेश, सगळीकडे पूर्ण पदवीच विचारतात, आणि तिथे तीन वर्षांची चालते. चौथं वर्ष कामाचं आहे ते ज्याला संशोधन किंवा प्राध्यापकीकडे जायचंय त्याला, कारण ऑनर्सनंतर एम.कॉम. एका वर्षात होतं. बाकीच्यांनी ते वर्ष कामाला किंवा व्यावसायिक परीक्षेला द्यावं.

बारावीला विज्ञान होतं म्हणून बिचकू नये. लेखाशास्त्राला बेरीज-वजाबाकी-टक्केवारीपलीकडचं गणित फारसं लागत नाही. अकरावी-बारावीचं ‘बुक-कीपिंग’चं पुस्तक कॉलेज सुरू होण्याआधी सोडवून काढलं की खड्डा भरतो.

‘सॉफ्टवेअर करतंच की सगळं!’

नोंदीचं काम करतं, हे खरंच आहे. बिलाचा फोटो काढला की रक्कम, तारीख, जीएसटी क्रमांक वाचून नोंद सुचवणारी साधनं आली आहेत. नुसता टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा तीन महिन्यांचा क्लास लावून आयुष्यभराची नोकरी, हा हिशेब आता जुळत नाही. मुलांना हे स्पष्ट सांगायला हवं.

पण खान्देशातल्याच जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, काय होतं ते पाहा. शेतकऱ्याकडून कापूस घेतला की त्यावरचा 5 टक्के जीएसटी शेतकऱ्याने नव्हे, घेणाऱ्या जिनिंगने स्वतः भरायचा असतो. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. शेतकरी बिल देत नाही, म्हणून जिनिंगने स्वतःच खरेदीचं बिल बनवायचं. 10,00,000 चा कापूस असेल तर 50,000 कर. तो आधीच्या खरेदीवरच्या जमा करातून वळता करून चालत नाही, रोखच भरावा लागतो. भरल्यावर तेवढ्याच 50,000 चं क्रेडिट मिळतं आणि पुढे रुईच्या विक्रीवरचा कर भरताना ते वापरता येतं. शेवटी खिशाला चाट नाही, पण पैसे आधी गुंतवावे लागतात. सॉफ्टवेअरमध्ये कापसाच्या नावापुढे रिव्हर्स चार्जची खूण केलेली नसेल, तर ते मुकाट्याने ‘शेतमाल, करमुक्त’ धरून पुढे जातं. हंगाम संपतो, दोन वर्षांनी नोटीस येते, कर आणि व्याज दोन्ही मागितलं जातं. ती खूण करायची हे ठरवणारा माणूसच असतो.

दुसरं उदाहरण रोखीचं. आयकरात एका माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त खर्च रोखीने दिला, तर तो खर्च उत्पन्नातून वजा मिळत नाही. ट्रकभाड्याला ही मर्यादा 35,000 आहे. शेतमाल पिकवणाऱ्या शेतकऱ्याला दिलेल्या पैशाला मात्र यातून सूट. म्हणून केळीबागेच्या मालकाला 80,000 रोख दिले तर चालतं, पण तोच माल गावातल्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेऊन 80,000 रोख दिले तर तो सगळा खर्च नामंजूर. पावती दोन्हीकडे सारखीच असते. समोरचा पिकवणारा आहे की फिरवणारा, हे पावतीवर छापलेलं नसतं, विचारावं लागतं, आणि सातबारा उताऱ्याची प्रत फाइलला लावून ठेवावी लागते.

1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात कोणती नोंद कधी बदलली याचा माग पुसता येत नाही. म्हणजे यंत्र जितकं जास्त लिहितं, तितकं ते वाचून प्रश्न विचारणाऱ्याचं काम वाढतं.

‘सीए झालं नाही तर फुकट’ हे खरं का?

खरं नाही, पण सीएची वाट नीट समजून घ्यावी. 2023 पासूनच्या नव्या योजनेत फाउंडेशन, इंटरमीजिएट, फायनल असे तीन टप्पे आणि दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं काम. बारावीनंतर फाउंडेशनची वाट. बी.कॉम.ला 55 टक्के मिळाले तर फाउंडेशन गाळून थेट इंटरला बसता येतं.

पोरं पडतात ती बहुतेक एका नियमावर. फाउंडेशनला प्रत्येकी 100 गुणांचे चार पेपर. प्रत्येकात 40 हवेत, आणि एकूण 50 टक्के. चारही पेपरांत 45 मिळाले तर बेरीज 180, लागतात 200. म्हणजे सगळ्या विषयांत पास आणि परीक्षेत नापास. म्हणून आवडत्या एका पेपरात 65-70 काढण्याची तयारी आधीपासून हवी. शिवाय दोन पेपर बहुपर्यायी प्रश्नांचे असतात आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापला जातो. अंदाजाने गोळे काळे करायची सवय इथे महाग पडते.

किती वेळा बसायचं, हे घरात आधी बोलून ठरवावं. फाउंडेशन आणि इंटरच्या परीक्षा आता वर्षातून तीनदा होतात, त्यामुळे ‘पुढच्या वेळी’ म्हणत वर्षं निघून जातात. इंटरचे पेपर दोन ग्रुपांत असतात. एक ग्रुप निघाला आणि दुसरा अडला, तरी शिकलेलं वाया जात नाही. इंटरपर्यंतचा कर आणि लेखापरीक्षणाचा अभ्यास असलेला मुलगा किंवा मुलगी कुठल्याही कर सल्लागाराच्या ऑफिसात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते.

डाळ गिरणीला कोण हवंय?

जळगाव डाळीचं मोठं केंद्र, पण डाळ गिरणीचा सर्वांत मोलाचा प्रश्न कराचा नाही, उताऱ्याचा, म्हणजे कच्च्या मालातून किती पक्का माल निघतो त्याचा आहे. समजा 8,000 भावाने 100 क्विंटल तूर घेतली, 8,00,000. भरडाईचा खर्च 40,000. चुनी-टरफल विकून 60,000 आले. निव्वळ खर्च 7,80,000. डाळ 72 क्विंटल निघाली तर क्विंटलमागे 10,833 रुपये पडले. 70 निघाली तर 11,143. उतारा दोन क्विंटलने घसरला आणि क्विंटलमागे 310 रुपये गेले. मालकाला भाव कळतो. हे 310 कुठे गेले, तुरीच्या ओलाव्यात, जुन्या रोलरमध्ये की वजनात, हे शोधायला परिव्यय लेखांकन लागतं. यासाठी सीएमए, म्हणजे कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट, हा अभ्यासक्रम आहे. पदवीधराला त्यात थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. जिनिंग, पाइप, कापड, खाद्यतेल, जिथे जिथे कच्चा माल आत आणि पक्का माल बाहेर, तिथे हे ज्ञान चालतं. आपल्याकडची मुलं सीएच्या नावापुढे याकडे बघतच नाहीत, हे वाईट आहे.

गावाजवळ राहून काम मिळेल?

मिळेल, आणि यात एक वाट अशी आहे जिथे मराठी येणं ही कायद्यानेच मागितलेली पात्रता आहे. पतसंस्था, विकास सोसायट्या, गृहनिर्माण संस्था, दूध संस्था या सगळ्यांचं दरवर्षी लेखापरीक्षण करावं लागतं. राज्याच्या सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. नावाची पदविका परीक्षा कुठल्याही पदवीधराला देता येते. ती पास होऊन सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा तीन वर्षांचा अनुभव घेतला, संस्थांच्या कामाची माहिती आणि मराठीचं कामचलाऊ ज्ञान असलं, की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 81 खाली प्रमाणित लेखापरीक्षक होता येतं. बी.कॉम.वाल्याला यातले लेखाशास्त्र आणि लेखापरीक्षणाचे पेपर ओळखीचेच असतात, सहकार कायदा तेवढा नव्याने वाचायचा.

वाणिज्य पदवीधराला जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करून इतरांची विवरणपत्रं भरता येतात. नंदुरबारचा मिरचीचा व्यापारी असो की जळगावचा सराफ, महिन्याच्या 11 तारखेपर्यंत विक्रीचं आणि 20 पर्यंत कराचं विवरणपत्र, हे चक्र दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्यांना चुकत नाही. बँकांच्या परीक्षा आणि राज्य कर निरीक्षकाचं पद कुठल्याही शाखेच्या पदवीधराला खुलं आहे. तिथे बी.कॉम.ला वेगळे गुण नाहीत, फक्त नोकरी लागल्यावर काम लवकर कळतं.

मराठी माध्यमातून शिकलं तर?

अडचण खरी आहे, झाकू नये. विद्यापीठाची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, सीएच्या परीक्षेला माध्यम इंग्रजी किंवा हिंदीच. उपाय एका वहीचा आहे. पानाच्या एका बाजूला घसारा (वापराने वस्तूची घटत जाणारी किंमत), दुसऱ्या बाजूला डेप्रिसिएशन. येणी आणि डेटर्स, देणी आणि क्रेडिटर्स, तरतूद आणि प्रोव्हिजन. दोन-अडीचशे जोड्यांत पदवीची बहुतेक परिभाषा बसते. संकल्पना मराठीत पक्की झाली असेल तर शब्द बदलायला एक सत्र पुरतं. उलट, इंग्रजी व्याख्या पाठ आणि घसारा म्हणजे काय ते माहीत नाही, ही स्थिती सुधारायला फार वेळ लागतो.

ते 120 तास कुठे घालवायचे

नव्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आहे, चार क्रेडिटचं, म्हणजे साधारण 120 तासांचं (कामाच्या क्रेडिटला वर्गातल्या क्रेडिटच्या दुप्पट तास लागतात). बरेच जण ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणून ते उरकतात. तसं करू नये. कर सल्लागार, जिनिंग, पतसंस्था, कुठेही जा, पण तीन कामं हाताने करून या. एक, बँक ताळमेळ: पासबुकातली शिलक आणि वहीतली शिलक यांच्यातला फरक चेक-चेक करून शोधणं. दोन, जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला येणारं 2 बी हे विवरण आणि आपली खरेदीची वही समोरासमोर ठेवून कोणत्या पुरवठादाराने बिल चढवलेलंच नाही ते काढणं. तीन, मालाची मोजणी: गोदामात उभं राहून गोण्या मोजायच्या आणि संगणकातल्या साठ्याशी लावून बघायच्या. 31 मार्चला ही मोजणी बहुतेक ठिकाणी होते, तेव्हा आधीच जाऊन ‘मला मोजायला उभं करा’ असं सांगून ठेवावं. सोबत वही-पेन, जाडजूड चपला, आणि थप्पीच्या मागच्या रांगेत शिरून मोजायची तयारी. कमी भरलेल्या गोण्या बहुधा तिथेच असतात.